इलाहीभाईंनी घरी बांधलेलं मशीन

गुरुवार होता. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला मी बारामतीहून गाडी काढायचो आणि सव्वाआठच्या आत भिगवणला इलाहीभाईंच्या दारात पोचायचो. तिथून त्यांना घेऊन पुन्हा बारामतीला, डायलिसिससाठी. दीड वर्ष हा क्रम चालू होता. त्या गुरुवारी एमआयडीसी मागे टाकून मी निम्म्या वाटेवर आलो असेन. पुढे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता आणि काही केल्या पुढे जाता येत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. इलाहीभाईंची मुलगी, शबाना. "काका, कुठंपर्यंत आलात?" मी म्हटलं, "आलोच, वीस मिनिटांत." ती म्हणाली, "या काका. पण घाई करू नका... आता घाई नाही."

मी त्या ट्रॅक्टरच्या मागेच गाडी चालवत राहिलो. नंतर रस्ता मोकळा झाला, तरी मागेच राहिलो.

त्या सकाळी चहा घेऊन इलाहीभाई ओसरीवर बसले होते. "साहेब यायची येळ झाली, चपला काढून ठिव," असं आपल्या बायकोला, भाभींना म्हणाले आणि त्यांनी भिंतीला मान टेकली. भाभी चपला घेऊन आल्या तेव्हा मान तशीच होती. मी पोचलो तोवर दारात माणसं जमली होती. आत त्यांना चादर घातली होती. मी हात बघितले. चाळीस वर्षं तेलात आणि लोखंडात गेलेले हात... नखांच्या कडेच्या काळ्या रेषा आजारपणातही गेल्या नव्हत्या. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मीही माती दिली. परत येताना गाडीतली शेजारची सीट मागे सरकवलेली होती, कारण त्यांना पाय लांब करायला लागायचे. ती पुढे घ्यायचं मला अजून सुचलेलं नाही. याला आता दोन महिने होत आले.

माझी आणि इलाहीभाईंची ओळख कारखान्यातली. मी चोवीस वर्षांचा, डिप्लोमा करून बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. दूधप्रक्रियेच्या यंत्रांचे सुटे भाग तिथे बनत. इलाहीभाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, टर्नर. शिक्षण नववीपर्यंत. भिगवणहून मोटरसायकलवर यायचे, आल्यावर आधी मशीन पुसायचे आणि मग स्वतःचा घाम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं आणि माझा तळहात चालत्या लेथच्या अंगावर ठेवला. म्हणाले, "साहेब, डोळ्यानं बघू नका. टूल बोथट झालं की मशीन कण्हतंय. हाताला कळतं." मला काही कळलं नाही. महिनाभराने कळायला लागलं. माझ्या डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला जे मिळालं नव्हतं, ते त्या माणसाने मला उभ्या उभ्या दिलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. मी त्यांचा साहेब होतो, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. शेवटपर्यंत ते मला साहेबच म्हणत राहिले.

मग सीएनसी आली. जे काम माणूस चाकं फिरवून करतो, ते कॉम्प्युटरच्या हुकमावर आपोआप करणारं यंत्र. काचेची खोली बांधली, आत एसी लावला. ती चालवायला शिकण्यासाठी चार जणांना तीन आठवडे पुण्याला पाठवायचं होतं आणि नावं सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद घेतला आणि पहिलं नाव लिहिलं, इलाही तांबोळी. मग विचार केला. वय सेहेचाळीस, शिक्षण नववी, इंग्रजी नाही. तिकडे जाऊन जमलं नाही तर बोल माझ्यावर येणार... आणि मी ते नाव खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यावर कसलाही दबाव नव्हता. नंतरच्या आयुष्यात मी या गोष्टीला अनेक कारणं चिकटवून बघितली, पण खरं एवढंच आहे, की मी माझी कातडी वाचवली.

चार तरुण मुलं शिकून आली. पुढच्या वर्षभरात जुने लेथ निघाले आणि इलाहीभाईंना स्टोअरला बसवलं. निवृत्त होईपर्यंत बारा वर्षं ते खिडकीतून नट, बोल्ट आणि हातमोजे देत राहिले. सीएनसीला लागणाऱ्या कापायच्या टिपासुद्धा त्यांच्याच हातून जायच्या. झिजलेली टीप परत आली की ते ती उजेडाकडे धरून बघायचे आणि ऑपरेटरला म्हणायचे, "स्पीड जादा ठिवतोयस. कडंला जळालीय बघ." त्या काचेच्या खोलीत त्यांनी कधी पाय ठेवला नाही, पण आत काय चाललंय ते त्यांना त्या झिजलेल्या टिपांवरून कळायचं. मी खिडकीसमोरून जायचो तेव्हा ते उठून उभे राहायचे. मला ते नकोसं व्हायचं, म्हणून मी दुसऱ्या दाराने ये-जा करू लागलो.

ते निवृत्त झाल्यावर दीडेक वर्षाने त्यांचा फोन आला. "साहेब, इलाही बोलतोय. येक मशीन बघायला येता का? भिगवणला." मला वाटलं, जुना लेथ घ्यायचा विचार असेल, मत हवं असेल. एका रविवारी गेलो. स्टेशनच्या अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याचं शेड. भाभी हसून म्हणाल्या, "शेळ्या इकल्या आन् ह्ये घातलंय बगा तितं. दूध बी न्हाय, लेंडी बी न्हाय." शेडमध्ये लेथ नव्हता. मोडक्या ट्रॉलीच्या लोखंडी चॅनेलची एक चौकट होती. तिच्यावर फर्निचरच्या ड्रॉवरला लावतात तशा सरकत्या पट्ट्या, बाजारात फुटावर मिळणारे आट्यांचे रॉड आणि जुन्या झेरॉक्स मशीनमधून काढलेल्या तीन मोटारी. शेजारी कुठल्या तरी बंद पडलेल्या नेटकॅफेतला कॉम्प्युटर. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे कापायचं हत्यार असायला हवं तिथे, रबरबँडने बांधलेलं एक बॉलपेन.

त्यांनी बटण दाबलं. पेन जागचं हललं, कागदावर टेकलं, आणि एक चौकोन काढून परत जागेवर आलं. ते माझ्याकडे बघत होते. घरात, शेळ्यांच्या शेडमध्ये, एका माणसाने स्वतःची सीएनसी बांधली होती. "कुठं शिकलात?" मी विचारलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढून दाखवला. हिंदीतले व्हिडिओ. आणि एक शंभर पानी वही. यंत्राला द्यायच्या हुकमांची इंग्रजी नावं त्यांनी मराठी अक्षरांत उतरवून घेतली होती आणि पुढे आपल्या शब्दांत अर्थ. 'जी झिरो झिरो - पळ. जी झिरो वन - कापत चाल. जी झिरो टू - घड्याळावाणी वळ. जी झिरो थ्री - उलटा वळ.' मी पानं उलटत राहिलो. मी स्वतः ही भाषा पुस्तकातून शिकलो होतो, पण इतकी स्वच्छ कुठे वाचली नव्हती.

"गोल काढून दाखवतो," ते म्हणाले. पेन फिरलं. कागदावर जे उमटलं, त्याला चार ठिकाणी चपटेपणा होता. "बटाटा निघतोय," ते खाली वाकून म्हणाले. "चार म्हैनं झालं, बटाटाच निघतोय." मला कारण दिसत होतं. रॉडच्या आट्यांत आणि नटमध्ये थोडी ढिलाई असते. दिशा उलटली की यंत्र तेवढं अंतर नुसतंच फिरतं, पुढे सरकत नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर केला. "सांगू नका साहेब. मला घावू द्या." मग वही मिटता मिटता म्हणाले, "कुणाला इकायचं न्हाय, दावायचं न्हाय. मला येतंय का न्हाय, येवढंच बघायचं हाय."

ते वाक्य त्यांनी साधेपणाने म्हटलं होतं. परतीच्या रस्त्यावर मला ते साधं वाटलं नाही.

त्यानंतर मी जात राहिलो. आधी महिन्यातून एकदा, मी निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला. त्या यंत्राने त्यांची सात वर्षं घेतली. ड्रॉवरच्या पट्ट्या निघाल्या. चौकट वेल्डिंगच्या उष्णतेने पिळवटली, ती त्यांनी कानस घेऊन दोन महिने घासून सरळ केली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. एका दिवाळीच्या सुमारास कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा त्यांनी यंत्राला हुकूम देणारं तळहाताएवढं एक कार्ड मागवलं आणि दोन आठवडे त्याच्याशी झगडले. पेनाच्या जागी सुताराचं, खोबणी पाडायचं राऊटर आलं, लाकूड आणि नायलॉन कापण्याइतकं. मी एकदा भंगारवाल्याकडून आट्यांच्या रॉडच्या जागी बसणारे चांगल्या जातीचे दोन स्क्रू आणले, तेव्हा हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "आपल्या कंपनीतलं न्हाय न्हवं?" नाही म्हटल्यावरच घेतले. ढिलाईचं कारण त्यांना त्यांचं त्यांनी सापडलं होतं. एका नटऐवजी दोन नट आणि मध्ये स्प्रिंग, म्हणजे आटे दोन्ही बाजूंनी दाबून धरले जातात. हा शोध लावला त्या दिवशी त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "घावलं." पण सापडणं वेगळं आणि यंत्रात उतरवणं वेगळं. बटाटा लहान होत गेला, पण राहिलाच.

याच काळात त्यांच्या साखरेने मूत्रपिंडं खाल्ली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शुक्रवार त्यांनी जुम्म्यासाठी मागून सोडवून घेतला. सुरुवातीला एसटीने एकटे जायचे. एकदा परतताना स्टँडवर चक्कर येऊन पडले, तेव्हापासून मी नेऊ लागलो. शबाना पळसदेवजवळच्या शाळेत पहिलीला शिकवते, तिला दर वेळी रजा कुठून मिळणार? दिवसभरात मोजून पाणी प्यायचं, अशी बंदी होती. घरामागे पाचशे पावलांवर उजनीचं पसरलेलं पाणी आणि हा माणूस तोंडात बर्फाचा खडा धरून बसलेला. डायलिसिसचे चार तास पडून पडून त्यांनी वहीत आकडेमोड केली. नर्स विचारायची, "आजोबा, पुस्तक लिहिताय का?" ते म्हणायचे, "पुस्तक न्हाय बाई, मापं हायत."

गोल निघाला तो एका मंगळवारी. मी शेडमध्ये होतो. नायलॉनच्या तुकड्यातून यंत्राने एक चकती कापली, राऊटर वर उचललं गेलं आणि आवाज थांबला. त्यांनी चकती उचलली, मापायचा व्हर्निअर घेतला, पण त्याचे जबडे चकतीवर नीट बसेनात. त्यांनी दोन्ही माझ्याकडे दिलं. "तुमी मापा." मी उभं मापलं, आडवं मापलं, दोन्ही तिरपे व्यास मापले. पुन्हा एकदा मापले. चारही मापांत केसाइतकाही फरक नव्हता. "गोल हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गोल आहे." ते स्टुलावर बसले. बराच वेळ चकती तळहातावर ठेवून बसले होते. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आगं, गोल आला!" आतून भाभी म्हणाल्या, "कोण आला?" "गोल!" "बसवा त्याला, चा टाकते." आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते चकतीच्या पलीकडे, यंत्राकडे बघायला लागले.

त्या हसण्याने मला धीर आला की काय, कोण जाणे. दोन दिवसांनी डायलिसिस आटोपून आम्ही परतत होतो. ते थकून खिडकीकडे डोकं टेकवून बसले होते. मी म्हटलं, "इलाहीभाई, ती पुण्याच्या ट्रेनिंगची यादी... मी केली होती."

"म्हायती हाय," ते म्हणाले.

"तुमचं नाव लिहिलं होतं मी. मग खोडलं."

"पयलंच व्हतं." त्यांनी डोकं उचललं नाही. "निळ्या शाईनं खोडलेलं. तुमी शाफ्ट बघाय आलता, तवा कागद माझ्या हत्याराच्या पेटीवर इसरला. मी घडी घालून तुमच्या टेबलावर नेऊन ठिवला."

मला आठवत नव्हतं. वीस वर्षं झाली होती. म्हणजे बारा वर्षं ते माझ्यासाठी त्या खिडकीत उठून उभे राहत होते, ते सगळं माहीत असून. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलायचं व्हतं साहेब." भिगवणची वस्ती दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "नाव लिवलंच नसतं, तर म्हटलं आसतं सायबाच्या ध्यानात न्हाय आलं. लिवून खोडलं. म्हंजी इचार करून खोडलं."

घर आल्यावर ते आपले आपण उतरले. नेहमी मी दार उघडून हात द्यायचो, तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या सोमवारी मी दारात पोचलो तर भाभी म्हणाल्या, "ते एसटीनं गेलं की. तुमाला म्हायती न्हाय?" मी दवाखान्यात गेलो. त्यांच्या दंडाला नळ्या जोडलेल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी बाहेरच्या बाकड्यावर चार तास बसलो. ते बाहेर आले, रिक्षा केली आणि स्टँडवर गेले. गुरुवारीही तेच. शबानाचा फोन आला, "काका, अब्बांचं काय झालंय? पाय सुजलेत, पण तुमच्या गाडीत बसणार नाही म्हणतात." मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी काय बोलू यात?" तिने मला बरं वाटेल असं काही म्हटलं नाही, याचं मला त्या वेळी वाईट वाटलं. आज वाटतं, ती बरोबर होती. चूक कबूल केली म्हणजे समोरच्याने ताबडतोब मोकळं करावं, अशी माझी आतून अपेक्षा होती. वीस वर्षं मी गप्प बसलो होतो. त्यांना दोन आठवडेही न देणारा मी कोण?

तिसऱ्या सोमवारी मी गेलो, ते दारात पिशवी घेऊन उभे होते. "चला," म्हणाले. "एसटीत पाय सुजत्यात." बस, एवढंच. परतताना, घरासमोर गाडी थांबल्यावर, खाली न उतरता म्हणाले, "उद्यापासनं सकाळी येत जावा. डायलिशीसचं दिस सोडून. तीन आठवडं."

"कशाला?"

"ट्रेनिंगला."

मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. पहिला आठवडा त्यांनी मला यंत्राला हात लावू दिला नाही. शेड झाडायची, आट्यांमधला भुसा ब्रशने काढायचा, तेल द्यायचं आणि यंत्र चालू असताना बघत उभं राहायचं. मी, कारखान्यातल्या सहा सीएनसींचा प्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस, साठाव्या वर्षी हातात झाडू घेऊन उभा होतो. पण कारखान्यात मी यंत्रं चालवणाऱ्या माणसांना चालवलं होतं. यंत्र मला ठाऊक नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून वहीत हाताने हुकूम लिहून घेतले. कॉम्प्युटरला विचारायचं नाही. चुकलं की ते चूक दाखवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "परत बघा." तिसऱ्या आठवड्यात मी कटर मोडला. टकदिशी आवाज होऊन तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मोडू द्या. माझं एकोणीस मोडल्यात."

शेवटच्या दिवशी मी माझा माझा एक तुकडा कापला, साधी चौकोनी फळी आणि मधोमध एक वर्तुळ. त्यांनी बोटाने कडा तपासली. "जमंल तुमाला," ते म्हणाले. मग फळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तवा मला बी जमलं आसतं, साहेब."

मी म्हटलं, "हो इलाहीभाई. जमलं असतं."

"व्हय," ते म्हणाले. आणि भाभींना चहाला हाक मारली. हा विषय आमच्यात परत निघाला नाही.

यंत्र तयार झालं, तेव्हा त्याचं काय करायचं असा प्रश्न होता. नावाच्या पाट्या करा, देवाच्या तसबिरींच्या चौकटी करा, असं लोक सुचवत होते. त्यांना त्यात रस नव्हता. शबाना एकदा सहज म्हणाली, की पहिलीची मुलं अक्षर बघून लवकर विसरतात, पण वाळूत बोटाने काढलं की राहतं. दोन दिवसांनी त्यांनी मला आलेखाच्या कागदावर मोठा 'अ' काढायला सांगितला. लाकडी फळीत बोट बसेल एवढ्या रुंदीची खोबण कापायची, अक्षराच्या आकाराची. मुलांनी त्यातून बोट फिरवायचं. सगळी मुळाक्षरं करायची. मी अक्षर काढायचो, ते त्याचे तुकडे पाडायचे - इथून इथे सरळ, इथून एवढ्या त्रिज्येचं वळण - आणि हुकूम लिहायचे. कोपरे त्यांनी पॉलिश पेपरने स्वतः घासले, मुलांच्या बोटांत कुसळ जाऊ नये म्हणून. 'ण' एका तासात झाला. 'क'ला आख्खा दिवस लागला. 'झ'वर ते इतके चिडले, की म्हणाले, "ज्यानं काढला त्यानं लेथ बघितला नसंल." शबाना फळ्या पाच-पाच करून शाळेत न्यायची आणि संध्याकाळी फोनवर सांगायची, आज कोणतं अक्षर कुणाला आलं. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या ते मला ऐकवायचे, "भ आला म्हणं काल समद्यांना."

'ह' झाला. मग 'ळ'ची फळी त्यांनी तासून घेतली आणि तिच्यावर पेन्सिलने अक्षर काढून ठेवलं. "येकाला येक चिकटल्यालं दोन गोल," ते म्हणाले. "मदी लाकूड राहतंय पातळ. निवांत करू." हे बुधवारी. गुरुवारचं वर सांगितलं.

चाळिसावा झाल्यानंतर शबानाचा फोन आला. "काका, अम्मी म्हणते मशीन चालवत राहा, नाहीतर गंजेल. आणि... तीनच अक्षरं राहिलीत." भाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिन्यांत. घराबाहेर पडत नव्हत्या. त्यामुळे शबाना घरी असेल अशा दिवशी मी जायचं ठरलं. शेड उघडलं. यंत्रावर त्यांची जुनी चादर टाकलेली होती. चादर काढली, तेल दिलं. वही त्यांच्या जागेवर होती. 'ळ'चे हुकूम लिहिलेले नव्हते, नुसती पेन्सिलची आकृती आणि बाजूला दोन त्रिज्या. पुढचं मला करायचं होतं.

तीन खेपा झाल्या. पहिल्या फळीत दोन गोलांच्या मधलं पातळ लाकूड तडकलं. मी ती फळी घेऊन बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो... शेडमध्ये 'परत बघा' म्हणणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या खेपेला कापाची खोली निम्मी ठेवली, म्हणजे एकाच जागेवरून दोनदा जायचं, हलक्या हाताने. तरी एका कडेचा कपचा निघाला. तिसऱ्या खेपेला फळीचा धागा आडवा घेतला, आणि राऊटर एका गोलातून दुसऱ्यात गेलं. लाकूड टिकलं. कडा घासल्या, भुसा फुंकला.

घराच्या मागच्या दारात शबाना उभी होती आणि तिच्यामागे उंबऱ्याच्या आत भाभी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. मी फळी शबानाकडे दिली, तिने आईच्या मांडीवर ठेवली. भाभींना वाचता येत नाही. लग्नानंतर इलाहीभाईंनी त्यांना सही तेवढी शिकवली होती आणि ती त्या चित्र काढावं तशी काढतात, हे मला माहीत होतं. त्यांनी खोबणीत बोट घातलं. एक गोल झाला, बोट मध्ये अडखळलं आणि दुसऱ्या गोलात गेलं. मग त्या थांबल्या. आणखी एकदा सुरुवातीपासून बोट फिरवलं.

"ह्ये माझ्या सहीत हाय," त्या म्हणाल्या.

शबाना त्यांच्याजवळ खाली बसली. "हां अम्मी. तांबोळीतला ळ."

"सगळ्यात शेवटी येतंय," भाभी म्हणाल्या. बोट खोबणीतच होतं. "ह्या दोन म्हैन्यांत कागदं आणून आणून किती सह्या घेतल्या माझ्याकडनं... दर बारीला हितंच हात थांबायचा माझा. सही शिकवताना ते म्हणायचे, घाई करू नगं, गोल पुरा कर."

मी पायरीखाली उभा होतो. भाभींनी फळी जवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, दोन्ही गोल पुरे केले.